खेळ थांबला, शिकवणं नाही

गटाच्या चटण्या आणि पापड पोहोचवायला आम्ही महिन्यातून एकदा पुण्यात शनिवार पेठेत जातो. मागच्या खेपेला ओंकारेश्वराकडून परतताना एका मैदानावर मुली कबड्डी खेळत होत्या. रेषेबाहेर शिट्टी घेऊन पन्नाशीच्या एक बाई उभ्या होत्या. चढाईला कोणी जायचं, कोपरा कोणी धरायचा, सगळं त्या बाहेरून सांगत होत्या. त्यांना बघून आम्हाला शैलजा जैन आठवल्या.

शैलजाताई मूळच्या नागपूरच्या. आधी स्वतः कबड्डी खेळल्या, मग नाशिकला प्रशिक्षक म्हणून बरीच वर्षं मुली घडवल्या. भारताच्या संघाला शिकवावं अशी त्यांची इच्छा होती, पण ती संधी मिळाली नाही. निवृत्तीनंतर त्यांना इराणच्या महिला संघाने बोलावलं. मुलूख परका, भाषा फारसी, डोकं झाकायचा नियम, त्यात ताई शाकाहारी. त्यांनी कामापुरती फारसी शिकून घेतली. मुलींना योगासनं आणि प्राणायामाची सवय लावली.

आशियाई स्पर्धेत महिला कबड्डी २०१० साली आली. २०१० आणि २०१४, दोन्ही वेळा सुवर्णपदक भारताचं. २०१८ साली जकार्तात अंतिम सामना भारत आणि इराणचाच झाला, आणि इराणने तो २७-२४ असा जिंकला. आपल्या मुली हरल्या याचं वाईट वाटलंच. पण जिंकणाऱ्यांना शिकवणारी बाई आपल्याच नाशिकची होती!

आता आमच्या घरचं सांगतो. आमच्या गटाच्या पहिल्या अध्यक्षा पदावरून उतरल्या. बँकेत कसं बोलायचं, हप्ता थकला तर बाईला न दुखावता वसुली कशी करायची, हे त्यांना तोंडपाठ. पण आम्ही त्यांना काही विचारेनासे झालो. हळूहळू त्या बैठकीला यायच्या थांबल्या. शेजारच्या वाडीतल्या नव्या गटाने त्यांना मानाने बोलावलं. त्या गटाचं कर्ज मंजूर झालं, आमचा अर्ज दोनदा परत आला. शेवटी आम्ही त्यांच्या दारात गेलो, चूक कबूल केली. काकू एवढंच म्हणाल्या, "आधी चहा घ्या, मग अर्ज दाखवा."

मैत्रिणींनो, तुमच्या गटातही अशी एखादी काकू असेल. येत्या बैठकीत वही उघडायच्या आधी तिला बोलावून आणा, आणि एका नव्या मुलीला तिच्याशेजारी बसवा. आणि ती काकू तुम्हीच असाल, तर रुसून घरी बसू नका. पद गेलं तरी शिकलेलं कुठे जातं?