एका विद्यार्थ्याचा वर्ग



पस्तीस वर्षें मास्तरकी केलेल्या माणसाला हजेरीपटावरची संख्या मोजण्याची खोड जडते. मुसळधार पावसांत वर्गाला एकच मुलगा आला, तर त्याला घरीं लावून देण्याचा मोह मलाहि झालेला आहे; आणि तो मीं दर वेळीं आवरला, असें सांगण्याची सोय नाहीं. म्हणूनच जॉन ब्रॉडस या अमेरिकन अध्यापकांची हकीकत मला वारंवार आठवते.

ब्रॉडस यांचा जन्म १८२७ सालीं व्हर्जिनियांत झाला. ते बाप्टिस्ट पंथाचे धर्मोपदेशक. जाणत्या वयांत स्वतः श्रद्धा स्वीकारल्यावांचून बाप्तिस्मा देऊं नये, असें हा पंथ मानतो. श्रीरामपुराहून १८०५ सालीं मराठीचें व्याकरण छापणारे विल्यम कॅरी याच पंथाचे. १८५९ सालीं दक्षिण कॅरोलायनांतील ग्रीनव्हिल येथें उपदेशक तयार करणारी पाठशाला निघाली, तेव्हां तिच्या चार अध्यापकांत ब्रॉडस होते. पहिल्या वर्षीं विद्यार्थी २६. पुढें यादवी युद्ध पेटलें, पाठशाला बंद पडली, आणि ब्रॉडस दक्षिणेच्या फौजेंत प्रवचनें करीत हिंडले.

१८६५ सालीं दारें पुनः उघडलीं, तों विद्यार्थी अवघे ७! प्रवचनशास्त्राच्या वर्गाला तर एकच, आणि तोहि अंध. त्याच्या हातीं पुस्तक देऊन भागणारें नव्हतें. टिपणें काढ, असेंहि म्हणतां येत नव्हतें. जें द्यावयाचें तें सारें कानांवाटेंच द्यावयाचें. पगाराचा भरंवसा नव्हता; वर्ग रद्द केला असता तर कोणीं नांव ठेविलें नसतें. ब्रॉडस यांनीं मात्र प्रत्येक व्याख्यान बारकाईनें रचलें. विषय कसा निवडावा, मांडणी कशी करावी, दृष्टान्त कोठें द्यावा, आवाज कसा राखावा, हें त्या एकट्यासाठीं त्यांनीं उलगडून सांगितलें. त्या व्याख्यानांच्या पायावरच त्यांचा प्रवचनकलेवरील ग्रंथ उभा राहिला. तो १८७० सालीं प्रसिद्ध झाला, आणि पुढें कित्येक पिढ्या अमेरिकेंतील उपदेशकांनीं तो अभ्यासला.

एक गोष्ट मात्र झांकून ठेवणें बरें नव्हे. हे चारहि अध्यापक गुलामांचे मालक होते. त्यांच्या ताब्यांत मिळून पन्नासांहून अधिक माणसें होतीं, हें त्याच संस्थेनें २०१८ सालीं आपल्या अहवालांत नमूद केलें. एका अंध विद्यार्थ्यासाठीं एवढी झीज सोसणाऱ्याला दुसऱ्या माणसावर मालकी सांगतांना कांहींच कसें खटकलें नाहीं? मला हें कोडें उलगडलेलें नाहीं. मी लहान असतां आमच्या गांवांतहि पाणवठे वेगळे होते, आणि चांगलीं म्हणविणारीं माणसें तें निमूटपणें पाहत. त्यांत माझे वडीलहि होते.

पाठशाला १८७७ सालीं केंटकींतील लुइव्हिल येथें गेली. १८८९ सालीं ब्रॉडस तिचे प्रमुख झाले, आणि १८९५ सालीं वारले. वक्त्यानें तयारी कसून करावी, पण भाषण वाचून दाखवूं नये, अशा मताचे ते होते. हें भाषण मीं कागदावरूनच वाचलें आहे.