संगणकांचा पत्रव्यवहार आणि त्याची उतरंड



शिष्यवृत्ती परीक्षेची आवेदनपत्रे आज संगणकावरूनच भरावी लागतात. मुदतीच्या अखेरच्या दिवशी झरी जामणी वा मारेगाव तालुक्यातील एखाद्या शाळेत आवेदनपत्र पुढे सरकत नाही, तेव्हा ‘यंत्र बिघडले’ असे म्हणून शिक्षक हताश होतो. वस्तुतः यंत्र पुष्कळदा ठीक असते. अडलेला असतो तो एखादाच थर. तो ओळखता आला नाही, तर एखाद्या होतकरू मुलाची संधी हुकते.

दोन संगणकांमधील दळणवळण हे एकच काम नव्हे. घरातील मडक्यांच्या उतरंडीप्रमाणे ती एकावर एक रचलेली अनेक कामे होत. सर्वांत वरच्या उपयोजन-थरात शिक्षकाने भरलेला मजकूर सिद्ध होतो. त्याखालील वाहतूक-थर त्या मजकुराचे तुकडे करून प्रत्येकावर क्रमांक घालतो व ज्याची पोहोच आली नाही, तो तुकडा पुन्हा पाठवितो. त्याखालचा जाल-थर पाठविणाराचा व घेणाराचा पत्ता लिहून वाट दाखवितो. तळाचा जोड-थर तार, प्रकाशतंतू वा बिनतारी लहरी यांवरून तुकडा पुढील टप्प्यास पोहोचवितो. प्रत्येक थर आपले पाकीट चढवितो. पलीकडे ती पाकिटे उलट क्रमाने उतरतात.

आंतरराष्ट्रीय मानक संघटनेने १९८४ साली अशा सात थरांचा आराखडा प्रसिद्ध केला. अमेरिकेतील आर्पानेट या जाळ्याने त्यापूर्वीच, १ जानेवारी १९८३ रोजी, टीसीपी-आयपी ही पद्धती स्वीकारली होती; वर वर्णिलेले चार थर तिचेच. भारतात १९८६ साली ‘अर्नेट’ या शैक्षणिक जाळ्याचा आरंभ झाला. मुंबईतील राष्ट्रीय सॉफ्टवेअर तंत्रज्ञान केंद्र व पवईची आय.आय.टी. यांच्यात दूरध्वनीच्या तारेवरून पत्रे जाऊ लागली. पुढे अर्नेटने दोन्ही पद्धती काही काळ शेजारी शेजारी चालविल्या. १९९५ नंतर जवळजवळ सर्व वाहतूक टीसीपी-आयपीवरूनच होऊ लागली. सात थरांचा आराखडा मात्र शिकविण्यास व दोष शोधण्यास आजही उपयोगी पडतो.

या रचनेचा मोठा लाभ असा की, एक थर बदलला तरी इतरांस धक्का लागत नाही. तांब्याच्या तारेच्या जागी प्रकाशतंतू आला, पण त्यासाठी पत्र लिहिण्याची रीत बदलावी लागली नाही.

म्हणून अडचण येताच शिक्षकाने तळापासून पाहत जावे. तार जोडलेली आहे काय? लहर मिळते काय? जोडणी दिसूनही काहीच उघडत नसेल, तर यंत्रास पत्ता मिळाला आहे काय? दुसरे एखादे संकेतस्थळ उघडते काय? ते उघडत असल्यास खालचे थर बहुधा शाबूत आहेत व दोष त्या विशिष्ट संकेतस्थळाकडे आहे. तेव्हा तालुक्याच्या गावी धाव घेण्यापेक्षा थोड्या वेळाने पुन्हा प्रयत्न करणे इष्ट.

वर्गातही हा पाठ घेता येईल. एका मुलाने चिठ्ठी लिहावी, दुसऱ्याने तिचे क्रमांकित तुकडे करावेत, तिसऱ्याने पत्ते घालावेत, चौथ्याने ते पोहोचवावेत. एक तुकडा मुद्दाम लपवावा. कोणत्या क्रमांकाची पोहोच आली नाही, हे मुलेच शोधून काढतील.

दोष न सुटल्यास तो कोणत्या थरात व किती वाजता आढळला, हे लिहून केंद्रप्रमुखांस तत्काळ कळवावे. ‘नेट चालत नाही’ एवढ्याच निरोपापेक्षा अशा नोंदीने दुरुस्ती लवकर होते आणि मुलाचे आवेदनपत्र मुदतीत पोहोचण्याची आशा राहते.