‘पाणी’ आणि ‘पानी’
(महोत्सवाच्या सभेतील भाषण)



या मंगल प्रसंगी एका शिक्षकाला चार शब्द बोलावयास सांगितलेत, याबद्दल मी संस्थेचा ऋणी आहे. उज्जैनच्या आसपासच्या खेड्यांत शिकविताना मी स्वतः जे शिकलो, तेवढेच आपणांपुढे ठेवतो.

माझी नोकरी तेव्हा नवी होती. हिंदीच्या तासाला दुसरीतील एका मुलीने वहीत ‘पाणी’ असे लिहिले. मी ते खोडून ‘पानी’ केले. तिने पुन्हा ‘पाणी’च लिहिले, आणि मी सर्वांदेखत तिला रागावलो. त्यानंतर कित्येक दिवस ती वर्गात बोलली नाही. पुढे तिच्या घरी गेलो, तेव्हा आजीने तांब्या पुढे केला आणि म्हटले, “पाणी.” मी खजील झालो. मुलीने जे ऐकले तेच लिहिले होते. मालवीत तो शब्द शुद्ध आहे. आपल्या मराठी घरांतही तोच आहे.

आपल्या या नगरीला अनेक भाषांची सवय जुनी आहे. १८१० साली दौलतराव शिंद्यांनी राजधानी ग्वाल्हेरला नेली, तरी मराठी घरे येथे राहिली. मोहल्ल्यांत उर्दू आहे, खेड्यांत मालवी आहे आणि शाळेत हिंदी आहे. १९५६ साली घटनेत ३५०-अ हे कलम आले. भाषिक अल्पसंख्य मुलांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून मिळण्याची सोय करावी, असे ते सांगते. परंतु २०११ च्या जनगणनेत मालवी बोलणारे सुमारे ५२ लाख लोक हिंदीतच मोजले गेले. म्हणजे कागदावर मुलाची आणि शाळेची भाषा एकच! पहिल्या दिवशी मुलाला गुरुजींचे बोलणे उमगत नाही, याची नोंद कोठेच होत नाही. ती शिक्षकानेच घ्यावयाची असते.

ती कशी घ्यावी? मी आता मुलांना आधी घरच्या बोलीत गोष्ट सांगू देतो. त्यांतील शब्द फळ्याच्या डाव्या बाजूस लिहितो आणि उजवीकडे पुस्तकातला शब्द लिहितो: ‘म्हारो’ आणि ‘मेरा’, ‘पाणी’ आणि ‘पानी’. डावीकडचे पुसत नाही. हा घरचा, हा पुस्तकाचा. परीक्षेत पुस्तकाचा लिहावयाचा, हेही स्पष्ट सांगतो. उर्दू किंवा मराठी घरातले मूल असेल, तर त्याचाही शब्द शेजारी मांडतो. हिशेबाचे उदाहरण बोलीत समजावतो व हिंदीत लिहवून घेतो.

पालक म्हणतात, “गुरुजी, बोली तर घरी येतेच, शाळेत हिंदी शिकवा.” त्यांची काळजी खोटी नाही. नोकरी, कचेरी, पुढचे शिक्षण यांसाठी हिंदी हवीच. परंतु जे मूल बोलावयासच भिते, त्याला हिंदी तरी कशी येणार? २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानेही, शक्य तेथे, निदान पाचवीपर्यंत घरची भाषा शिक्षणात असावी असे म्हटले आहे.

विश्वस्तांना एक विनंती करतो. आपण दरवर्षी वक्तृत्वाची बक्षिसे देता. त्यांत एक बक्षीस घरच्या बोलीत गोष्ट सांगणाऱ्या खेड्यातील मुलासाठी ठेवावे. खर्च थोडा आहे. पण ज्या मुलाचा शब्द आम्ही शिक्षकांनी खोडला, त्याला तो सन्मानाने परत मिळेल.