परगावाहून आणलेला ताप
(संस्थेच्या सुवर्णमहोत्सवी मेळाव्यातील भाषण)



आम्ही शिक्षक आहोत, वैद्य नव्हे. तरीही या मंगल प्रसंगी तापावर बोलण्याची परवानगी मागतो. गुंजीतले कित्येक तरुण लोंढ्यामार्गे गोव्यास कामाला जातात, काही आखाती देशांत जातात. आणि परतताना कधी कधी ताप बरोबर आणतात.

असा ताप आमच्याही घरी आला. पुतण्या गोव्यात बांधकामावर होता. घरी येऊन आठवडा झाला नाही तोच तापाने फणफणला. दवाखान्यात रक्ताची एकच विडाल तपासणी झाली, मुदतीचा ताप ठरला आणि औषध सुरू झाले. दहा दिवस गेले तरी ताप हटेना. अखेर दुसऱ्या डॉक्टरांनी विचारले, "मुलगा होता कुठे?" उत्तर ऐकताच त्यांनी काचपट्टीवर रक्त घेतले. हिवताप निघाला! अल्लाच्या कृपेने मुलगा वाचला. परंतु पहिल्या दिवशी गोव्याचे नाव आम्हीच काढले नव्हते, ही टोचणी अजून आहे.

तेव्हापासून आम्ही चौकशी केली. विडाल तपासणी 1896 सालची. जुना संसर्ग, लस किंवा हिवताप यांमुळेही ती फसवी खूण दाखवते. आणि खऱ्या विषमज्वरात पहिल्या आठवड्यात ती कोरी येऊ शकते. रक्तातील जंतू वाढवून पाहणे हा अधिक भरवशाचा मार्ग. मात्र रक्त प्रतिजैविक घेण्यापूर्वी द्यावे.

मुदतीच्या तापासारखे दिसणारे ताप अनेक आहेत. हिवताप व डेंग्यू डासांपासून होतात. उंदरांच्या मुताने दूषित पाण्यात वा चिखलात वावरल्याने लेप्टो होतो. स्क्रब टायफसमध्ये कधी काखेत किंवा जांघेत काळी खपली आढळते, म्हणून अंग नीट पाहावे. माकडताप 1957 साली शिमोगा जिल्ह्यातील क्यासनूरच्या रानात ओळखला गेला. 2015 साली तो गोव्याच्या सत्तरीत आणि 2016 साली दोडामार्गात आढळला. तो गोचिडांपासून होतो. काजूच्या हंगामात रानात जाणाऱ्यांनी हे ध्यानी ठेवावे.

दिवसांचा हिशेबही उपयोगी पडतो. डेंग्यू साधारण चार ते दहा दिवसांत दिसतो; विषमज्वर बहुधा एक ते दोन आठवड्यांनी, क्वचित महिन्यानेही; हिवतापाचा एक प्रकार तर महिन्यांनीसुद्धा उलटतो. म्हणून "येऊन महिना झाला, आता त्याचा काय संबंध?" असे म्हणू नये.

संस्थेस आमची एकच विनंती आहे. बाहेरगावी जाणाऱ्या प्रत्येकास एक कार्ड द्यावे. त्यावर कुठे गेलो, कोणते काम केले, कधी परतलो, ताप कधी आला आणि कोणते औषध घेतले, एवढेच लिहावे. डॉक्टरांनी विचारले नाही, तरी आपण ते पुढे करावे. खर्च चार आण्यांचा. पण त्याने एखाद्या घरचे दहा दिवस वाचतील, कदाचित एखादा मुलगाही वाचेल.