एका भागाचे पाच झाले, त्याचा हिशेब

(मिरा-भाईंदर येथील कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात केलेल्या भाषणाचा मजकूर)



शेअरबाजार या विषयावर समाजवादी अभ्यासवर्गात बोलण्याचा प्रसंग येईल, असे मला कधी वाटले नव्हते. परंतु गेल्या महिन्यात भाईंदर पूर्वेच्या एका निवृत्त कामगाराने माझ्यापुढे एक पिवळे पडलेले प्रमाणपत्र ठेवले. सांगली बँकेचे भाग, वडिलांच्या नावाचे. वडील सांगलीकडचे शेतकरी. मुलाचे आयुष्य येथल्या स्टीलच्या भांड्यांच्या कारखान्यात पॉलिश करण्यात गेले. त्यांचा प्रश्न एवढाच होता: "सर, हा कागद आता रद्दीत घालायचा का?" सातारा-सांगलीहून येथे आलेल्या घरांच्या ट्रंकांत असे कागद आणखीही असतील. म्हणून हा विषय.

सांगली बँक १९१६ सालची. दक्षिण महाराष्ट्रातील व्यापारी, बागायतदार आणि पगारदार यांच्या ठेवींवर ती वाढली आणि तिच्या शाखा दोनशेच्या घरात गेल्या. एप्रिल २००७ मध्ये ती आयसीआयसीआय बँकेत विलीन झाली. कर्मचारी संघटनांचा विरोध होता. तो कामी आला नाही. सांगली बँकेच्या ९२५ भागांना आयसीआयसीआयचे १०० भाग असे प्रमाण ठरले.

सोयीसाठी आपल्या गृहस्थांच्या वडिलांचे १८५ भाग धरू. त्यांचे २० भाग झाले. डिसेंबर २०१४ मध्ये आयसीआयसीआयने १० रुपये दर्शनी मूल्याच्या भागाचे २ रुपयांचे पाच भाग केले. २० चे १०० झाले. जून २०१७ मध्ये दहा भागांमागे एक बक्षीस भाग मिळाला. १०० चे ११० झाले. म्हणजे हा कागद रद्दी नाही.

परंतु भाग पाचपट झाले म्हणून संपत्ती पाचपट झाली, असे समजणे ही शुद्ध फसगत आहे. विभाजन म्हणजे शंभराची नोट मोडून विसाच्या पाच घेणे. बँकेच्या कर्जात, ठेवींत, गंगाजळीत त्या दिवशी एका पैचाही फरक पडत नाही. सतराशेच्या घरातला भाव साडेतीनशेच्या आसपास येतो आणि लहान गुंतवणूकदाराला एखादा भाग घेणे परवडते, इतकाच त्याचा उपयोग. बक्षीस भागाचेही तसेच: गंगाजळीतील रक्कम भांडवलाच्या खात्यावर लिहिली जाते. ती आधीपासून भागधारकांचीच होती. (हे 'बक्षीस' नाव कोणी ठेवले कोण जाणे, आपल्याच खिशातून काढून आपल्याच हातावर ठेवलेले!)

उलट चूकही होते. २०१४ च्या वर्षाचा लाभांश भागामागे २३ रुपये होता. पुढच्या वर्षी तो ५ रुपये जाहीर झाला. माझ्या ओळखीचे एक निवृत्त शिक्षक हताश झाले. एका जुन्या भागाचे आता पाच आहेत, म्हणजे २३ चे २५ झाले, हे समजावायला मला अर्धा तास लागला.

मग खरा परतावा किती? जून २००७ मध्ये याच बँकेने जनतेला ९४० रुपये दराने भाग विकले होते. त्या दराने २० भागांची किंमत १८,८०० रुपये. अठरा वर्षांनंतर ११० भागांना १,३०० रुपये भाव धरला, तर १,४३,००० होतात. लाभांश सोडून सुमारे साडेसात पट; चक्रवाढीने वर्षाला बारा टक्क्यांच्या आसपास. तीच रक्कम आठ टक्क्यांच्या ठेवीत चौपट झाली असती. फरक मोठा आहे, तो नाकारण्यात अर्थ नाही. पण मार्च २००९ मध्ये भाव तीनशेच्या खाली होता. त्या महिन्यात ज्याच्या घरी आजारपण किंवा लग्न निघाले, त्याला २० भागांचे सहा हजारही आले नसते. दीर्घ मुदत ही ज्याला थांबता येते त्याची मिळकत आहे, आणि रोजंदारीवरच्या माणसाला थांबता येत नाही. बँकेचा नफाही आकाशातून पडत नाही: ठेवीदाराला दिलेले व्याज आणि कर्जदाराकडून घेतलेले व्याज यांतील अंतर हाच त्याचा मुख्य उगम.

शिवाय प्रत्येक जुन्या बँकेचा कागद असा जगत नाही. साताऱ्याची युनायटेड वेस्टर्न बँक १९३६ ची. सप्टेंबर २००६ मध्ये रिझर्व्ह बँकेने तिच्यावर निर्बंध लादले आणि ती आयडीबीआयकडे गेली. तेथे भागाला भाग मिळाला नाही. भागामागे २८ रुपये रोख मिळाले आणि हिशेब मिटला. पुढच्या अठरा वर्षांचे विभाजन, बक्षीस, लाभांश काहीच त्यांच्या वाट्याला आले नाही. शेजारशेजारच्या दोन जिल्ह्यांतील दोन शेतकरी, आणि फरक पडला तो विलीनीकरणाच्या एका कलमाने.

आपण म्हणाल, सहकार बरा. तेथे सभासदाला एकच मत. भाग दर्शनी मूल्यानेच परत मिळतो. १९६० च्या कायद्याने लाभांशाला पंधरा टक्क्यांची मर्यादा. सट्ट्याला जागाच नाही. तत्त्व म्हणून मला ते आजही मान्य आहे. पण जॉर्ज फर्नांडिस यांनी १९६८ मध्ये कामगारांसाठी उभी केलेली बँक, पुढची न्यू इंडिया सहकारी बँक, फेब्रुवारी २०२५ मध्ये निर्बंधांखाली आली. १२२ कोटींच्या अपहाराची फिर्याद झाली आणि ऑगस्टमध्ये ती सारस्वत बँकेत विलीन झाली. एक माणूस एक मत हे ठीक. पण वार्षिक सभेला आपल्यापैकी किती जण ताळेबंद वाचून जातात? मी स्वतः अनेक वर्षे गेलो नाही, हेही कबूल करतो.

आता कागदाकडे. लाभांश सलग सात वर्षे घेतला गेला नाही, तर भाग केंद्र सरकारच्या गुंतवणूकदार शिक्षण व संरक्षण निधीकडे वर्ग होतात. ते बुडत नाहीत. वारसाला परत मागता येतात. त्यासाठी मृत्यूचा दाखला, वारसाहक्काची कागदपत्रे, डीमॅट खाते आणि संगणकावर भरायचा अर्ज लागतो. हे काम करून देतो म्हणून मोठा हिस्सा मागणारे दलाल आहेत. रेशनकार्डाचे अर्ज आपण वर्षानुवर्षे भरून देत आलो, तसेच हेही करता येईल. पुढल्या रविवारी सकाळी दहा वाजता मी याच खोलीत बसणार आहे. ज्यांच्या घरी असे कागद असतील, त्यांना मूळ प्रमाणपत्र घरीच ठेवून झेरॉक्स आणायला सांगा.