बीपीचं मशीन कुणाच्या पिशवीत?



मी मॅट्रिक झालेला गोदी कामगार. कविता लिहितो म्हणून मला इथं उभं केलंय, पण आज कविता नाही. आज बीपी आणि शुगरबद्दल बोलायचंय. हसू नका. आपला माणूस लाठीनं पडला तर मोर्चा निघतो. बीपीनं अर्धांग होऊन पडला तर म्हणतात, नशीब.

नशीब-बिशीब काही नाही. बीपी दुखत नाही. १४०-९० च्या वर गेलं तरी माणूस ओझी उचलतो. गोळी रोज घ्यायची, बहुतेकांना जन्मभर. ती आणायची म्हंजे दवाखान्याची रांग, रांग म्हंजे खाडा, खाडा म्हंजे रोज बुडाला. मग जरा बरं वाटलं की गोळी बंद. खुर्चीतला डॉक्टर हे कसं बघणार? त्याला दार वाजवून विचारणारं माणूस लागतं, आणि ते वस्तीतलंच लागतं.

१९७० साली डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी तेव्हाच्या अहमदनगर जिल्ह्यात, जामखेडला काम सुरू केलं. गावांनी निवडलेल्या बाया शिकायला घेतल्या. बऱ्याच निरक्षर, कित्येक दलित. एकत्र राहायच्या, एकत्र जेवायच्या. शिकलेलं गावात करून बघायचं, अडलं की परत येऊन विचारायचं. क्षय, कुष्ठरोग असले महिनोन्‌महिने औषध मागणारे रोग त्यांनी सांभाळले. ज्यांची सावली गावाला चालत नव्हती, त्यांनी गावाला औषध दिलं.

२००५ साली सरकारनं आशा आणली. आता तीस वर्षांवरच्या प्रत्येकाचा फॉर्म ती भरते. तंबाखू, दारू, कमरेचा घेर, घरात कुणाला बीपी-शुगर. या रोगांसाठी तिचं प्रशिक्षण पाच दिवसांचं. जन्मभराच्या रोगाला पाच दिवस! आणि नाव काय, तर स्वयंसेविका. म्हंजे पगार नको, मानधनावर भागवा.

आपल्यातली काही पोरं म्हणतात, ही सुधारणावाल्यांची कामं. मला नाही पटत. अर्धांग झालेला बाप घरात असला की पोरगं मोर्चात नाही येत, कामाला लागतं. तिचं शिक्षण दर महिन्याला चालू पाहिजे, मशीन तिच्या पिशवीत पाहिजे. गोळ्या संपल्या तर तिनं तोंड कसं दाखवायचं? आणि कामगाराचा पगार, तो तर पाहिजेच.

२०२४ च्या फेब्रुवारीत या बाया आझाद मैदानावर बसल्या होत्या. पुन्हा बसल्या की आम्ही गोदीतून जाणार. तुम्ही कॉलेजवाले येणार का, आत्ताच सांगा.