एका बाजूचे बापलेक
(महोत्सवानिमित्त भरलेल्या सभेंत केलेलें भाषण)



महोत्सवाच्या या शुभप्रसंगीं चार शब्द बोलण्याची आम्हांस आज्ञा झाली, तेव्हां धर्मग्रामाचा इतिहास सांगावा कीं उपदेश करावा, असा प्रश्न पडला. इतिहास सांगणारे आमच्याहून जाणते लोक या व्यासपीठावर आहेत आणि उपदेशाचें काम देवालयांत दर रविवारीं उत्तम प्रकारें होत असतें. म्हणून आम्हीं एक साधा विषय निवडला आहे. बाप आणि मूल यांनीं मिळून एखाद्या संघाची बाजू धरणें, हा तो विषय होय. तो खेळाचा खरा. परंतु त्यांत घराचा आणि समाजाचाही प्रश्न गुंतलेला आहे, आणि तो या धर्मग्रामांतील प्रत्येक उंबरठ्याशीं येऊन ठेपलेला आहे.

जालना जिल्ह्यांतील आपल्या लोकांचें जिणें कष्टाचें. कोणी लोखंडाच्या कारखान्यांत पाळीवर जातो, कोणी मोसंबीच्या बागेंत राबतो, तर अंबड-घनसावंगीकडील कित्येक कुटुंबें दरसाल ऊसतोडीसाठीं गांव सोडतात. बाप घरीं येतो तो थकूनभागून येतो. मुलाशीं बोलावयाचें म्हटलें तर ‘अभ्यास केलास का?’ आणि ‘पैसे कशाला हवेत?’ या दोन प्रश्नांपुढें संभाषण सरकत नाहीं. त्याच्या पोटीं माया नसते असें नव्हे. मायेला शब्द सांपडत नाहींत. अशा घरांत क्रिकेटचा सामना लागतो आणि तोच अबोल बाप मुलाला म्हणतो, ‘बाळा, अजून दोन गडी बाकी आहेत, धीर धर.’ हें वाक्य त्या मुलाच्या स्मरणांत जन्मभर राहतें. खेळानें त्या बापाला बोलावयास एक भाषा दिली, एवढें तरी आपण मान्य केलें पाहिजे.

दूरच्या अमेरिकेंत बेसबॉल नांवाचा खेळ आहे. तेथील शिकागो शहराच्या ‘कब्ज’ या संघानें १९०८ सालीं अजिंक्यपद मिळविलें आणि त्यानंतर तें पुन्हा मिळविण्यास २०१६ साल उजाडलें. मध्यें १०८ वर्षें गेलीं! आजोबांनीं वाट पाहिली, बापानें वाट पाहिली आणि नातवानें तो दिवस पाहिला. त्या वेळीं लोकांनीं संघाच्या मैदानाबाहेरील भिंतींवर खडूनें आपल्या दिवंगत मातापित्यांचीं नांवें लिहिलीं. ज्यांच्यासह वाट पाहिली, ते विजयाच्या दिवशीं जवळ नव्हते. म्हणून निदान त्यांचें नांव तरी तेथें असावें, अशी ती भावना. मृतांसाठीं मेणबत्ती लावणाऱ्या आपणां कॅथलिकांस ती समजावून सांगण्याची गरज नाहीं.

अशी वाट पाहणें आपल्याकडेही आहे. आपला जिल्हा क्रिकेटच्या व्यवहारांत महाराष्ट्र संघाच्या क्षेत्रांत येतो. या संघानें प्रा. दि. ब. देवधर यांच्या नेतृत्वाखालीं १९३९-४० आणि १९४०-४१ अशीं लागोपाठ दोन वर्षें रणजी करंडक जिंकला. देवधर हे पुण्याच्या सर परशुरामभाऊ महाविद्यालयांत संस्कृताचे प्राध्यापक; वयाच्या ४८ व्या वर्षीं त्यांनीं मुंबईविरुद्ध २४६ धांवा काढल्या. त्यानंतर १९७०-७१ मध्यें मुंबईपुढें, १९९२-९३ मध्यें पंजाबपुढें आणि २०१३-१४ मध्यें कर्नाटकापुढें असा तीन वेळां हा संघ अंतिम सामन्यांत हरला. जिंकणाऱ्याची बाजू कोणीही धरतो. हरणाऱ्याजवळ बसून राहणें हें मात्र शिकावें लागतें, आणि तें मूल बापाच्या शेजारीं बसूनच शिकतें.

आतां कोणी विचारील कीं, संघावरील ही निष्ठा जन्मतःच ठरलेली असते काय? आपल्या जिल्ह्याचाच दाखला पाहा. ज्या वर्षीं देवधरांनीं करंडक जिंकला, त्या वर्षीं जालना निजामाच्या राज्यांत होतें आणि हैदराबादचा संघ वेगळा होता. त्या संघानेंही १९३७-३८ सालीं अंतिम सामन्यांत नवानगरवर एका गड्यानें विजय मिळवून हाच करंडक पटकाविला होता. १७ सप्टेंबर १९४८ रोजीं निजामी राजवट संपली, १९५६ मध्यें मराठवाडा मुंबई राज्यांत आला, १ मे १९६० रोजीं महाराष्ट्र झाला आणि १ मे १९८१ रोजीं जालना हा स्वतंत्र जिल्हा झाला. आजोबांचें राज्य एक, नातवाचें दुसरें. सरहद्दी बदलतात, त्यांजबरोबर संघही बदलतात. तेव्हां मुलाच्या हातीं संघाचें नांव देऊन बापाचें काम संपत नाहीं. बाजू कशी धरावी याची रीत त्याला द्यावी लागते.

ही रीत चुकली म्हणजे काय होतें, तेंही सांगितलें पाहिजे. मुंबईस एके काळीं धर्मावार संघांचे सामने होत. प्रथम युरोपियन आणि पारशी, १९०७ पासून हिंदू आणि १९१२ पासून मुसलमान असे चार संघ झाले. त्या चौघांत जे बसत नव्हते, त्या हिंदी ख्रिस्ती, अँग्लो-इंडियन, यहुदी वगैरे लोकांसाठीं १९३७ मध्यें पांचवा संघ निघाला. त्याचें नांव ठेवलें ‘दि रेस्ट’, म्हणजे ‘बाकीचे’! बंधुभगिनींनो, त्या काळच्या एखाद्या ख्रिस्ती मुलानें वडिलांना ‘बाबा, आपण कोण?’ असें विचारलें असतें, तर खेळाच्या भाषेंत ‘आपण बाकीचे’ हेंच उत्तर त्याच्या वांट्यास आलें असतें.

त्या ‘बाकीच्यां’त विजय हजारे होते. १९१५ सालीं सांगलीस एका मराठी ख्रिस्ती शिक्षकाच्या घरीं त्यांचा जन्म झाला. महाराष्ट्राच्या १९३९-४० च्या यशस्वी वर्षांत त्यांनीं बडोद्याविरुद्ध नाबाद ३१६ धांवा काढल्या होत्या. १९४३ च्या डिसेंबरांत ब्रेबोर्न मैदानावर पंचरंगी स्पर्धेचा अंतिम सामना हिंदू संघाशीं झाला. विजय मर्चंट यांच्या नाबाद २५० धांवांच्या बळावर हिंदूंनीं ५ बाद ५८१ वर डाव सोडला. ‘बाकीचे’ १३३ धांवांत आटोपले. त्यांत हजारे यांच्या ५९. पुन्हा खेळावें लागलें तेव्हां संघाच्या ३८७ धांवांपैकीं एकट्या हजारे यांनीं ३०९ काढल्या. सहाव्या गड्यासाठीं झालेल्या ३०० धांवांच्या भागीदारींत धाकटे बंधु विवेक यांच्या धांवा अवघ्या २१; पण तो भाऊ दुसऱ्या टोकाला उभा राहिला नसता, तर तीनशेंचा आंकडा कोठून आला असता? संघ एक डाव आणि ६१ धांवांनीं हरला. तरीही त्या सामन्याची गोष्ट निघाली कीं हजारे यांचें नांव ओठांवर येतें.

धर्मावार संघांवर पुष्कळ विचारी लोकांचा आक्षेप होता. १९४० च्या डिसेंबरांत गांधीजींनीं हे सामने बंद व्हावेत असा आपला अभिप्राय दिला. अखेर १९४५-४६ च्या स्पर्धेनंतर ते थांबले. पुढें १९५२ च्या फेब्रुवारींत मद्रास येथें इंग्लंडला हरवून भारतानें आपला पहिला कसोटी विजय मिळविला. त्या संघांत मंकड होते, पारशी उमरीगर होते, मुश्ताक अली होते, आपल्याच जुन्या हैदराबादचे गुलाम अहमद होते; आणि कर्णधार होते विजय हजारे. ज्याला एके काळीं ‘बाकीच्यां’त गणलें, तोच सर्वांचा नायक झाला. ख्रिस्ती बापानें आपल्या मुलाला ही गोष्ट अवश्य सांगावी. आपण या देशांत बाकी उरलेले नाहीं, हें त्यानें त्यांतून शिकावें. आणि आपणही दुसऱ्या कोणास ‘बाकीचे’ म्हणूं नये, हेंही शिकावें. शेजारच्या गल्लींतील संघांत कोणत्या जातीचीं वा धर्माचीं मुलें आहेत, हें पाहून जो बाप मुलाची बाजू ठरवितो, तो त्याच्या हातीं बॅट न देता काठी देतो.

आपल्या जिल्ह्याचा अभिमान मात्र खुशाल असावा. जालन्याच्या विजय झोल यानें २०११ मध्यें महाराष्ट्राच्या एकोणीस वर्षांखालील संघाकडून आसामविरुद्ध नाबाद ४५१ धांवा काढल्या, आणि २०१४ च्या आरंभीं शारजा येथें त्याच्याच नेतृत्वाखालीं भारताच्या कुमारांनीं आशिया करंडक जिंकला. अंतिम सामन्यांत त्यानें शतक केलें. मोठ्या शहरापासून दूर असलेल्या गांवचा मुलगा देशाचा कर्णधार होऊं शकतो, हें त्यानें दाखविलें.

आणि बापांनो, येथें लेकींना विसरूं नका. हजारे यांच्याच सांगलींत वाढलेली स्मृती मानधना आपल्या भावाच्या मागोमाग मैदानावर गेली. तिचे वडील जिल्ह्याकडून खेळलेले. मुंबईच्या ख्रिस्ती घरांतील जेमिमा रॉड्रिग्ज हिचे वडील इव्हान हेच तिचे मार्गदर्शक. ३० ऑक्टोबर २०२५ रोजीं विश्वचषकाच्या उपांत्य सामन्यांत ऑस्ट्रेलियाविरुद्ध तिनें नाबाद १२७ धांवा केल्या, आणि २ नोव्हेंबरास नवी मुंबईंत भारताच्या स्त्रियांनीं प्रथमच विश्वचषक जिंकला. सामना लागला म्हणजे मुलाला शेजारीं बसवून मुलीला चुलीकडे पाठविणारें घर आतां तरी उरूं नये.

शेवटीं आमचें मागणें तीन गोष्टींचें आहे. पहिली, महिन्यांतून एकदां तरी मुलांसह सामना पाहा किंवा खेळा. हातांतला फोन त्या वेळीं बाजूस ठेवा. दुसरी, प्रतिपक्षानें चांगला फटका मारला तर मुलांदेखत टाळी वाजवा. तुमच्या त्या एका टाळीनें मूल जें शिकेल, तें दहा व्याख्यानांनीं शिकणार नाहीं. तिसरी, आपला संघ हरला म्हणजे त्याला शिव्या देऊन उठूं नका. आज संघाला टाकून देणारा बाप उद्यां परीक्षेंत नापास झालेल्या आपल्याला कसा वागवील, याचा हिशेब मूल मनांत करीत असतें.

नाझरेथांतील पवित्र कुटुंबाचें स्मरण करा. योसेफ आणि मरिया दरसाल ओलांडण सणास यरुशलेमला जात, आणि बाळ येशू बारा वर्षांचा झाला तेव्हां त्यांजबरोबर गेला. परत येतांना तो दिसेना, तेव्हां ते दोघे माघारे फिरले आणि तो सांपडेपर्यंत थांबले नाहींत. बरोबर चालणें आणि हरवलेल्यासाठीं मागें फिरणें, हीच मातापित्यांची निष्ठा. आपला धर्मग्रामही एक संघच आहे. त्यांत कांहीं उत्तम खेळतात, कांहीं विवेक हजारे यांच्याप्रमाणें दुसरें टोक सांभाळतात, आणि कांहीं वर्षानुवर्षें नुसते बसून वाट पाहतात. त्या सर्वांमुळेंच आज हा महोत्सव साजरा होत आहे. पुढील महोत्सवास आपलीं मुलें आपल्या मुलांना घेऊन याच अंगणांत येवोत, आणि आपणांपैकीं जे त्या दिवशीं नसतील त्यांचीं नांवें प्रेमानें घेवोत, अशी प्रभूच्या चरणीं प्रार्थना करून आम्ही आपली रजा घेतों.